नट किती आवळावा?



आपल्या देहूजवळ पिंपरी आहे, चाकण आहे. तिथे मोटारी बनतात. आपली पोरं तिथे कामाला जातात. शेतावरचे इंजिनही आपल्याला नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्याजवळ खडकीला निघाली. तिची इंजिने गावोगावी पाणी उपसू लागली.

इंजिनात दट्ट्या वर-खाली होतो. खाली क्रँक गोल फिरतो. दोघांना जोडतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे दांडा. दांड्याच्या खालच्या टोकाला टोपी असते. दांडा आणि टोपी मिळून क्रँकला मिठी घालतात. ही मिठी बहुधा दोन बोल्ट धरून ठेवतात.

इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 25 फेरे झाले. दट्ट्या वरून परत फिरताना बोल्टांना हिसके बसतात. बोल्ट ढिला असेल, तर नट सुटतो. मग दांडा मोकळा होऊन इंजिनाचे पोट फोडतो. जवळच्या माणसालाही इजा होऊ शकते.

मग जोर लावून खूप आवळावे का? नाही. आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. त्या ताणानेच तो धरून ठेवतो. ताण हद्दीबाहेर गेला, की बोल्ट कमजोर होतो आणि चालू इंजिनात तुटतो.

आपला पखवाज पाहा. वादी ढिली असेल, तर बोल उमटत नाही. फार ताणली, तर पुडी फाटते. वाजवणारा एकाच बाजूला ठोकत नाही. सगळीकडून थोडे थोडे ठोकतो. बोल्टांचेही तसेच.

आधी आटे स्वच्छ करावे. आटे घाण असले, तर पाना जड फिरतो, पण बोल्ट पुरता ताणला जात नाही. पुस्तकात सांगितले असेल, तर तेल लावावे. दांड्यावरची आणि टोपीवरची खूण जुळवावी. मग एकदा हा नट, एकदा तो, असे टप्प्याटप्प्याने आवळावे. शेवटी क्रँक हाताने फिरवून पाहावा. तो अडकला, तर इंजिन सुरू करू नये. काही नव्या इंजिनांचे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात. तेही पुस्तकात पाहावे.

किती आवळायचे, तो आकडा इंजिनाच्या पुस्तकात असतो. समजा, 5 किलोग्रॅम-मीटर लिहिले आहे. म्हणजे 1 मीटर लांबीचा आडवा पाना आणि त्याच्या टोकाला 5 किलो वजन, एवढा जोर. टॉर्क रेंच नावाच्या मापाच्या पान्यावर हा जोर कळतो.

कोणी मिस्त्री म्हणेल, "माझ्या हाताला माप कळते." हात सकाळी ताजा असतो, संध्याकाळी थकलेला असतो. आकडा थकत नाही. आता तुम्हांला आकडे वाचता येतात. पुढच्या वेळी इंजिन उघडले, की विचारा, "मिस्त्री, पुस्तकात किती लिहिले आहे?" आणि तो आकडा स्वतः वाचून पाहा.