मळलेल्या मातीतला खडा



कणकुंबीला उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या काठी तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. खानापूरची ओळख माती आणि कौलांची. त्यामुळे केऑसच्या गणिताने चित्रं कूटबद्ध करणं आणि त्यातली कच्ची बाजू, हा आजचा विषय कानावर पडताच आमच्या गल्लीतल्या कुंभारमामांनी मला गाठलं. "सर, हे काय प्रकरण हो?" म्हटलं, "मामा, फोटो चिखलासारखा मळायचा, कुणाला ओळखू येऊ नये इतका." ते म्हणाले, "मळून खडा कुठं जातोय? जागा बदलतोय तेवढाच."

प्रास्ताविक त्यांनीच उरकलं. अर्नोल्डच्या 'कॅट मॅप'ने पिक्सेलच्या फक्त जागा बदलतात. काळे किती, करडे किती, हा हिशेब जसाच्या तसा. शून्य-शून्य जागेचा कोपऱ्यातला पिक्सेल तर हलतच नाही. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचा 256 बाय 256 पिक्सेलचा फोटो मी नातवाच्या लॅपटॉपवर मळत बसलो. पाच-सहा फेऱ्यांत मंदिराची नुसती वाळू झाली. 192व्या फेरीला शिखर पुन्हा जागेवर! 124 बाय 124चा फोटो तर 15 फेऱ्यांतच घरी परततो.

1998 साली फ्रिड्रिख यांनी जागांबरोबर छटाही बदलायची पद्धत मांडली आणि पुढे अशा पद्धतींचं पीक आलं. छटा बदलायला बरेचजण लॉजिस्टिक मॅप वापरतात: क्षला एक वजा क्षने गुणायचं, मग चारने, आणि उत्तर पुन्हा आत घालायचं. कागदावर ही माळ संपत नाही. पण यंत्राला दशांश तोडावे लागतात. जवळच्या दोन दशांशांपर्यंतच उत्तर घेत 0.30पासून करून बघा: 0.84, 0.54, 0.99, 0.04, 0.15, 0.51, 1.00 आणि शून्य. पुढे शून्यच शून्य. देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा 6174 आठवतो ना? मोजक्या अंकांत फिरणारं गणित कधीतरी ठरल्या वाटेला लागतंच. संगणकाकडे अंक जास्त, म्हणून उशीर लागतो, इतकंच.

त्याहून सोपा घाव काळ्या चित्राचा. आकड्यांची माळ मूळ चित्रावर अवलंबून नसेल आणि ती एक्सॉरने मिसळली असेल, तर सगळी शून्यं असलेलं चित्र कूटबद्ध करून घ्यावं. बाहेर येते ती माळच! जागाही बदललेल्या नसतील, तर त्याच किल्लीची बाकीची चित्रं मग किल्लीवाचून उघडतात. दुसरीकडे, शोधनिबंधांत 99.6 टक्क्यांचा तक्ता ऐटीत छापलेला असतो: एक पिक्सेल बदलला तर एवढे बदलले म्हणून. मला तरी तो तक्ता बँडबाजासारखा वाटतो. वरात दिसते, नवरा कसा आहे ते कळत नाही. रागावू नका, मीही मास्तरच.

तेव्हा आजच्या सत्रांत प्रत्येक वक्त्याला मी एकच विचारणार आहे: काळं चित्र घालून बघितलंत का? मी विसरलो तर कुंभारमामा आहेतच, पहिल्या रांगेत बसलेत. अध्यक्ष महोदय, आता माईक आपल्याकडे.