शत्रूच्या दप्तरातला आपला माणूस



जेवणाआधीच्या अध्यक्षांनी लांबण लावू नये, एवढं शहाणपण आजवरच्या परिषदांनी मला शिकवलं आहे, म्हणून थेट विषयावर येतो.

हवाई युद्धातून न परतलेल्या लढाऊ वैमानिकांचं पुढे काय झालं, हा आपला विषय. पायदळातला जवान पडतो तेव्हा बहुधा शेजारी कुणी तरी असतं. लढाऊ विमानात माणूस एकटा असतो. सोबत्यांनी त्याला शेवटचं पाहिलेलं असतं ते वळताना, नाही तर धुरात शिरताना. तळावर परतल्यावर नोंदवहीत दोन शब्द चढतात: 'परतला नाही'. आपला कागद इथे संपतो. पुढची हकिगत शत्रूच्या मुलखात, शत्रूच्या डोळ्यांदेखत घडते आणि लिहिली गेलीच तर शत्रूच्या लिपीत लिहिली जाते. या संशोधनाचं मोठं काम समोरच्या बाजूच्या दप्तरात आहे, आणि तिथे आपण फार कमी जातो, एवढीच माझी आजची तक्रार.

ही तक्रार मराठी अभ्यासकांपुढे करावी लागावी, याचं मला नवल वाटतं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठ्यांचा इतिहास गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांतून उकरला. सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबारची बातमीपत्रं मराठीत आणली. शत्रूचा बातमीदार आपल्याविषयी आपल्या बखरकारापेक्षा खरं लिहून जातो, हे आपल्याला सतराव्या शतकापुरतं पटलेलं आहे. विसाव्या शतकाशी येताच आपण पुन्हा बखरीकडे वळतो.

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर यांचं नाव या सभागृहात किती जणांनी ऐकलं आहे? पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वॉड्रनमधून सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान उडवत. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गस्तीला गेले ते आले नाहीत. जखमी अवस्थेत ते जर्मनांच्या हाती लागले, तिथेच वारले आणि जर्मनांनीच त्यांना पुरलं. थडग्यावर हुद्दा लिहिला जर्मन पद्धतीने, 'ओबरलॉयटनंट', आणि नाव लिहिलं 'वुमकर'. युद्ध संपल्यावर ते थडगं वेलिंगकरांचं आहे हे ठरायला वर्षं लागली. आज सोम भागातल्या हँगारच्या लष्करी स्मशानभूमीत त्यांच्या नावाची शिळा आहे. आडनावाचा चुराडा झाला होता खरा, पण शत्रूने नोंद ठेवली होती म्हणूनच शोध लागला.

आता देवय्यांचं प्रकरण. हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्या शास्त्राचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. ७ सप्टेंबर १९६५ रोजी आदमपूरहून १ स्क्वॉड्रनची मिस्तेर विमानं ओमप्रकाश तनेजांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानातल्या सरगोधा तळावर हल्ल्याला गेली. स्क्वॉड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या राखीव होते. ऐनवेळी जागा झाली आणि त्यांना जायला मिळालं. ते परतले नाहीत. कुणी काही पाहिलं नव्हतं. विमानभेदी तोफेचा गोळा लागला असेल, जमिनीवर आदळले असतील, असे तर्क झाले आणि फाइल मिटली.

तिकडे पाकिस्तानच्या हिशेबात त्याच सकाळी एक स्टारफायटर कमी झालं होतं. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं, त्यांच्या ताफ्यातलं अभिमानाचं विमान. त्याचे वैमानिक अमजद हुसेन यांनी एका मिस्तेरवर मारा केला होता. ते मिस्तेर पळून जाण्याऐवजी उलटं वळलं, झुंजलं, आणि हुसेन यांना विमान सोडून छत्रीने उतरावं लागलं. ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांनी पाकिस्तानी हवाई दलाच्या सहकार्याने लिहिलेलं पुस्तक १९७९ मध्ये आलं आणि त्यात ही हकिगत छापली गेली. आपल्या बाजूला मात्र ते स्टारफायटर पाडल्याचा दावा करणारा एकही वैमानिक नव्हता. उरली वजाबाकी. त्या हल्ल्यातून न परतलेलं मिस्तेर कुणाचं? देवय्यांचं. १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं, तेवीस वर्षांनी.

मला यात सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. हेच अमजद हुसेन १९७१ च्या युद्धात अमृतसरजवळ पाडले गेले आणि भारताचे युद्धकैदी झाले. उत्तर आपल्याच छावणीत बसलं होतं. ते आपल्याला कळलं आठ वर्षांनी, इंग्रजाच्या पुस्तकातून.

शत्रूचा प्रत्येक कागद प्रमाण मानावा, असं मी म्हणत नाही. कोणता कागद कशासाठी लिहिला गेला, हे आधी पाहावं. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनने १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं. युद्धानंतर जर्मन पुरवठा खात्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा आकडा साठच्या आसपास भरला. वैमानिक खोटं बोलत नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या तर तिघंही प्रामाणिकपणे 'मी पाडलं' म्हणतात. पण नवी विमानं मागवणाऱ्या कारकुनाला फुशारकी परवडत नाही. त्याला गेलेली विमानं मोजावीच लागतात. मी पराक्रमाच्या अहवालाआधी मागणीपत्रं वाचतो, ती यासाठी.

म्हाताऱ्या आठवणींचंही तसंच. फ्रेंच लेखक-वैमानिक सेंत-एक्झुपेरी ३१ जुलै १९४४ ला कॉर्सिकाहून टेहळणीला गेले आणि नाहीसे झाले. १९९८ मध्ये मार्सेजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्यांचं नाव कोरलेलं कडं आलं. समुद्रतळावरच्या अवशेषांवर २७३४ हा आकडा सापडला आणि २००४ मध्ये विमानाची ओळख पक्की झाली. त्यानंतर २००८ मध्ये एक माजी जर्मन वैमानिक पुढे आला: मीच पाडलं म्हणाला. जगभर मथळे झाले. पण ३१ जुलै १९४४ च्या जर्मन नोंदींत त्याच्या दाव्याला आधार नाही. मी पत्र्यावरच्या आकड्याच्या बाजूने आहे.

ही शिस्त घरच्या माणसाच्या बाबतीत पाळणं कठीण जातं. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ३२ स्क्वॉड्रन, सुखोई-७. ५ डिसेंबर १९७१ ला शोरकोट रोड तळावरच्या हल्ल्यात पडले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या. ढाक्याच्या 'संडे पाकिस्तान ऑब्झर्व्हर'मध्ये पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी होती, त्यात 'टॉम्बे' हे नाव. पाकिस्तानने असा कैदी आपल्याकडे असल्याचं कायम नाकारलं. बेपत्ता चोपन्न भारतीय सैनिकांच्या यादीत हे नाव आजही आहे.

'टॉम्बे' वाचताच मराठी माणसाला 'तांबे' ऐकू येतं, मलाही येतं. पण अंकाची तारीख ५ डिसेंबर सांगितली जाते, आणि विमान पडल्याचीही तीच. रात्री छापलेला अंक दिवसा घडलेली गोष्ट कशी सांगेल? याला सरळ उत्तर असू शकतं: अंक उशिरा निघाला असेल, एखादी तारीख उतरवताना बदलली असेल. पण हा प्रश्न टाळून लिहिलेले लेख आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि मूळ अंक डोळ्यांनी पाहिलेला लेखक त्यांत विरळा. त्या कुटुंबांना आपण आशा वाटत फिरू नये, हिरावूनही घेऊ नये. तपासलेला कागद तेवढा त्यांच्या हाती द्यावा.

दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे: पुणे, नाशिक, मुंबईच्या घरांतून पडून असलेली वैमानिकांची लॉगबुकं, तारा, पत्रं यांच्या प्रती करून घ्याव्यात. ठरावाला माझा पाठिंबा आहे. त्याला एक पुरवणी सुचवतो. जमणाऱ्या वर्गणीतला निम्मा पैसा प्रतींवर खर्च व्हावा आणि निम्मा उर्दूच्या वर्गावर. सरगोधा आणि शोरकोटच्या आसपासच्या गावांत त्या दिवसांत जे पाहिलं गेलं, त्यातलं जे काही तिथल्या पोलीस ठाण्यांत, स्थानिक वर्तमानपत्रांत, निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत उतरलं असेल, ते वाचायला आपल्यातले चार जण तरी तयार हवेत. सूचक-अनुमोदकांची हरकत नसेल तर वर्गातलं पहिलं नाव माझं लिहा. उर्दूच्या नस्तालीक लिपीत एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे मला अजून नीट कळत नाही.