सोबती कोण?

आपली लेकरं बारावी झाली की पुण्याला जातात. म्हणून पुण्यातलीच गोष्ट सांगतो. जुनी आहे, पण खरी आहे.

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७. त्यातला बहुतेक काळ आणीबाणीचा. वर्तमानपत्रांवर बंधनं, बोलायची चोरी. त्या दिवसांत टिळक रोडवरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या चार पोरांनी दहा माणसं मारली. पहिला त्यांच्याच कॉलेजातला सोबती. पुढं जोशींचं घर, मग वयोवृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकरांचं. अंधार पडला की पुणं दारं लावून बसायचं. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शहा. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

पोरं उपाशी नव्हती, बरं का. चित्रं काढायला शिकत होती. दारू, उनाडक्या, झटपट पैशाची हाव. नुसतं सरकारवर खापर फोडून भागत नाही. त्याच आणीबाणीत लाखो पोरं सरळ राहिली. मला वाटतं, चौघं एकमेकांतच गुरफटले, अन् कान धरणारं कुणी मधी नव्हतं.

दिंडीत विसाव्याला एक जण मागं राहिला तर विणेकऱ्यापासून सगळे विचारतात, कुठं राहिला? खोलीवरच्या पोराला असं कोण विचारतं? आपण फोनवर मार्क विचारतो, पैसे पाठवतो.

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीला जाताच ना? तिथून पुणं जवळ. पोराच्या खोलीवर जा, सोबती कोण ते बघा, एक रात मुक्काम करा. भाकरी बांधून न्या, खोलीतल्या सगळ्यांना पुरतील इतक्या.