दुःखाला श्रोता हवा



परदेशातल्या या मराठी मंडळात ‘पुस्तकं आणि मनाची जखम’ या विषयावर बोलायला आपण मला बोलावलंत. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि समीक्षकही नाही. सवडीनं, आवडीनं वाचणाऱ्या हजारो लोकांपैकी एक आहे, आणि नगर जिल्ह्यातला आहे. कागदोपत्री 2024 पासून त्याचं नाव अहिल्यानगर झालं. आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी अजून ‘नगर’ बसलेलं आहे, म्हणून मीही तेच वापरतो. आज जे मांडणार आहे त्याचा सगळा पुरावा या एका जिल्ह्यातून घेतला आहे. म्हणणं थोडक्यात असं : पुस्तक माणसाला धीर देतं, उपदेश करतं, विरंगुळा देतं, हे खरं, पण मन सावरायला लागतं ते यातल्या कशानंही नाही. पुस्तक दुःखाला श्रोता मिळवून देतं, आणि ज्या दुःखाला श्रोता मिळाला ते सोसण्याजोगं होतं.

पहिला पुरावा नगरच्या भुईकोट किल्ल्यातला. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं आणि कार्यकारिणीच्या बारा जणांना या किल्ल्यात आणून ठेवलं. पंडित नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच 1944 साली लिहिलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. त्याच आवारात मौलाना आझाद पत्रं लिहीत होते. ती होती त्यांचे स्नेही हबीबुर्रहमान खाँ शेरवानी यांच्या नावानं, पण धाडण्यासाठी नव्हतीच. पहाटे सगळे झोपलेले असताना मौलाना उठायचे, स्वतःच्या हातानं चहा करायचे आणि समोर नसलेल्या मित्राशी कागदावर बोलत बसायचे. 1946 साली ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावानं प्रसिद्ध झाली. त्यांत चहावर पत्र आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर आहे, आणि 11 एप्रिल 1943 चं एक पत्र पत्नीच्या मृत्यूवर आहे. झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती पोचवू, असं तुरुंगाधिकाऱ्यानं सुचवलं होतं. मौलानांनी विनंती केली नाही. 9 एप्रिलला त्या गेल्या. 36 वर्षांचा संसार संपला, आणि शेवटची भेट राहून गेली.

या पत्रात दोन गोष्टी आहेत, आणि माझं सगळं म्हणणं त्या दोन गोष्टींवर उभं आहे. पहिली अशी, की त्या दिवसांत आपण वरवर किती शांत होतो आणि ती शांतता राखताना आत काय चाललं होतं, याचा कबुलीजबाब मौलाना देतात. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याची पावलं ऐकू आली की काळीज धडधडायचं, पण दाराकडे पाठ करून ते लिहिण्यात गढल्यासारखं दाखवायचे. शेजारच्या खोल्यांत नेहरू होते, पटेल होते, आयुष्यभराचे सहकारी होते. त्यांच्यापुढे जे उघड करता आलं नाही, ते न धाडलेल्या पत्रात आलं. दुसरी गोष्ट पत्राच्या शेवटी येते. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती, कुणाची ते ठाऊक नाही. येता-जाता शेकडो वेळा दिसलेली ती कबर आता एकाएकी जवळची वाटू लागली, आणि ती बघता बघता मौलानांना सातव्या शतकातला एक अरबी कवी आठवला. मुतम्मिम त्याचं नाव. मलिक हा त्याचा भाऊ मारला गेला, तेव्हा दिसेल त्या कबरीपाशी त्याला रडू यायचं, आणि त्या शोकाची कविता त्यानं केली. तेराशे वर्षांपूर्वी अरबस्तानात एका भावानं केलेला विलाप नगरच्या किल्ल्यात एका कैद्याच्या कामी आला. ज्याला जाऊन माती देता आली नाही त्या माणसाला रडण्याची जागा मिळाली, ती वाचलेल्या कवितेत.

इथे बसलेल्या प्रत्येकाला या प्रसंगाची ओळख पटेल. अवेळी फोन वाजतो, आई किंवा वडील गेल्याचं कळतं, विमान गाठून पोचेपर्यंत अग्नी देऊन झालेला असतो. करोनाच्या काळात तर विमानंही नव्हती. कितीतरी मराठी घरांनी अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसची मीटिंग असते आणि ज्यांच्याबरोबर ती असते त्यांना गेलेलं माणूस ठाऊक नसतं. गावाकडे सुतक पाळतात, दारात माणसं बसून राहतात, दहा दिवस तेच तेच बोलतात. ते बोलणं निरर्थक नसतं. दुःखाला श्रोते पुरवण्याची ती जुनी व्यवस्था आहे. परदेशात ती मिळत नाही, आणि आता शहरांतही विरत चालली आहे. जिथे माणसं बसू शकत नाहीत तिथे पुस्तक येऊन बसू शकतं, एवढाच माझा दावा आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : आझाद प्रकांड पंडित होते, हजारो शेर त्यांना मुखोद्गत होते; साध्या माणसाला याचा काय उपयोग? याचं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे पती रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यातून नवरा-बायकोची ताटातूट झाली, पुढे दोघं पुन्हा एकत्र आली, 1900 साली लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांच्या संसाराची महत्त्वाची वर्षं नगर आणि राहुरीत गेली. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. त्यात विरह आहे, दारिद्र्य आहे, प्लेग आहे, नवऱ्याच्या विक्षिप्त स्वभावानं झालेले हाल आहेत. तरी त्या पुस्तकात कुणाविषयी डूख नाही आणि पानोपानी हसू येतं. हे हसू काय आहे? दुःख हलकं होतं म्हणून ते आलेलं नाही. घटना आणि लिहिणं यांच्यामध्ये तीस-पस्तीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात त्या बाईनं स्वतःकडे दुसऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहायला शिकून घेतलं. वाचकाला हे अंतर आयतं मिळतं. आज ज्याची जखम ताजी आहे त्याला तीस वर्षं थांबायची सोय नसते. तो लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी काही वेळ पाहू शकतो. त्यासाठी पांडित्य लागत नाही. घरगुती मराठी समजली की पुरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळी पुस्तकं जखम भरत नाहीत. काही ती उघडी करतात. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 साली आलं, तेव्हा त्यानं अनेकांना अस्वस्थ केलं. झाकलेलं चव्हाट्यावर आणलं, अशी नाराजी त्यांच्या स्वतःच्या दलित समाजातूनही व्यक्त झाली. मग अशा पुस्तकाला औषध कसं म्हणायचं? त्याची मांडणी बघावी. दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो, अशी ती आहे. दोघं एकच. एक सोसलेला, दुसरा शिकून-सवरून शहरात आलेला. आणि शिकलेला खाली बसून सोसलेल्याचं ऐकतो. स्वतःच्याच दुःखाला स्वतः श्रोता होणं याहून स्पष्ट कुठे दाखवलं गेल्याचं मला माहीत नाही. आणि ज्यांनी तेच सोसलं होतं त्या वाचकांना या पुस्तकानं लाज ज्याची त्याला परत केली : अपमान ज्याचा झाला त्यानं मान खाली का घालायची? जखम धुताना झोंबते, म्हणून ती तशीच बांधून ठेवावी असं कुणी म्हणत नाही. फक्त धुण्याची वेळ ज्याची त्यानं ठरवावी. दुखावलेल्या माणसाच्या हातात जबरदस्तीनं पुस्तक ठेवू नये, हे मात्र या आक्षेपातून शिकण्यासारखं आहे.

श्रोत्याचं मोल सांगणारी आणखी एक जागा याच जिल्ह्यात आहे, प्रवरेकाठचं नेवासे. 1290 साली ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसत असं परंपरा सांगते तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. वाळीत टाकलेलं घर, आईवडिलांचा देहान्त, चार पोरकी भावंडं हा ज्ञानदेवांचा पूर्वेतिहास आपण जाणतो. एवढ्या ग्रंथात त्याबद्दल तक्रारीचा शब्द नाही. श्रोत्यांना मात्र ते पुन्हापुन्हा जवळ बोलावतात, लाडिकपणे विनवतात, त्यांच्या लक्ष देण्याचं मोल सांगतात. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी मागितलेलं पसायदान सगळ्या जगासाठी आहे. दुर्गाबाई भागवतांनी या खांबावरून आपल्या लेखसंग्रहाला ‘पैस’ हे नाव दिलं. पैस म्हणजे ऐसपैस जागा, विस्तार. श्रोता मिळाल्यानं दुःखाचं काय होतं, ते या शब्दात आहे. ते नाहीसं होत नाही. त्याला पैस मिळतो, आणि अडचणीत रुतलेला माणूस त्यात हातपाय हलवू शकतो.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पुस्तकांवर एवढा भार टाकणं धोक्याचं नाही का? आहे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, 1935 साली ते प्रसिद्ध झालं, आणि तेव्हापासून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या त्या पुस्तकानं डोळे ओले केले. त्याच गुरुजींनी 1950 साली स्वतःचं जीवन संपवलं. ज्यानं इतरांना एवढी माया दिली त्याला ती पुरली नाही, हे सत्य माझ्या म्हणण्यापुढे मी मुद्दाम ठेवतो. शोक आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजारावर पुस्तकं वापरणं, म्हणजे पुस्तकोपचार, या अर्थाचा शब्द इंग्रजीत 1916 साली सॅम्युअल क्रॉथर्स यांनी एका लेखात वापरला. ब्रिटनमध्ये 2013 पासून ग्रंथालयांतून मनाच्या आरोग्याची निवडक पुस्तकं सुचवण्याची योजना चालते. पण तिथेही सौम्य त्रासासाठी सरावाची, स्वयंमदतीची पुस्तकं हा तिचा मुख्य भाग आहे. कादंबरी-कवितेच्या परिणामाचा शास्त्रीय पुरावा त्या मानानं तोकडा आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, आठवडे लोटले तरी मन वर येत नाही, जगणं नकोसं वाटू लागलं, तर डॉक्टरच हवा, आणि लगेच हवा. आपले आईवडील भारतात एकटे असतील तर सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर आहे, हे त्यांना जरूर सांगा. पुस्तक डॉक्टरच्या जागी बसत नाही. पुष्कळदा एवढंच होतं, की आपल्याला काय होतंय ते सांगण्याचे शब्द पुस्तकातून मिळतात आणि माणूस डॉक्टरपर्यंत पोचतो. तेवढंही मोठं आहे.

शेवटचा प्रश्न इथल्या मंडळींचा : हे इंग्रजी पुस्तकांनीही होईल, मग मराठीच कशासाठी? होईल, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत बहुधा तसंच होईल. पण ‘हुरहूर’, ‘पोरकेपण’, ‘काळजात चर्र होणं’, ‘जीव टांगणीला लागणं’ हे शब्द ज्यांच्या लहानपणी घरात वावरले, त्यांचं दुःख त्याच शब्दांत साठलेलं असतं. ऐकणाऱ्याला ती भाषा यावी लागते. म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. दिवाळी अंक, नाटक, गणपती हे सगळं होत राहोच. त्याच्या जोडीला महिन्यातून एक संध्याकाळ मोठ्यानं वाचण्यासाठी ठेवा. ‘स्मृतिचित्रे’मधलं एखादं प्रकरण घ्या. मुलांना नुसतं ऐकू द्या. वाचता न येणाऱ्या मुलालाही कान असतात. आणि आपल्यापैकी कुणाच्या घरी दुरून वाईट बातमी आली, तर डबा घेऊन जाल तेव्हा एक पुस्तकही न्या. वाचायचा आग्रह करू नका. ते उशाशी ठेवा आणि थोडा वेळ तिथे बसा.