पाकिटावरील तारीख ओळखा, अन्नाची नासाडी टाळा
(महिला शेतकरी मेळाव्यातील भाषण)



घरातील पाकिटावरची तारीख उलटली की आपल्या हातून दोन चुका होतात. कोणी चांगला पदार्थ उकिरड्यावर टाकतो, तर कोणी "काही होत नाही" म्हणून खराब पदार्थ पोटात घालतो. तारखेचा अर्थ समजला तर दोन्ही टळतील.

पाकिटावर उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख असते. दुसरी 'एक्स्पायरी' किंवा 'युज बाय', म्हणजे वापराची अंतिम मुदत. ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये, विकूही नये. काही पाकिटांवर 'बेस्ट बिफोर' असेही छापलेले असते. तिचा संबंध चव, वास व कुरकुरीतपणा यांच्याशी आहे. ही तारीख गेली म्हणून पदार्थ लगेच अपायकारक होत नाही. पाकीट बंद असेल, साठवण योग्य असेल आणि अंतिम मुदत उलटली नसेल, तर तो पाहून, वास घेऊन वापरावा. २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि अंतिम मुदत छापणे आवश्यक असून 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक आहे.

लक्षात ठेवा, मुदत ही न उघडलेल्या व सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या पाकिटासाठी असते. दुधाची पिशवी दुपारभर उन्हात राहिली, तर तारीख शिल्लक असूनही दूध नासते.

बुरशी आली असेल तर तारीख पाहूच नये. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. असे दाणे किंवा पेंड जनावरांना घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो. म्हणून "वाया नको, म्हशीला घाला" हा विचार येथे घातक आहे.

आता बचत गटांच्या भगिनींसाठी. लोणचे, मसाला, पापड यांवर शेजारच्या पाकिटावरची मुदत पाहून तारीख टाकू नका. मुदत जास्त टाकली तर गिऱ्हाईक आजारी पडेल आणि गटाचे नाव जाईल. उगाच कमी टाकली तर चांगला माल परत येईल. प्रत्येक लॉटला क्रमांक द्या. त्यातील काही पाकिटे दुकानात राहतात तशाच जागी ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक उघडून वास, रंग, ओलसरपणा तपासा व वहीत नोंद करा. प्रयोगशाळेत तपासणी करून मगच मुदत ठरवा. विक्रीला आधी मुदत संपणारा माल पुढे ठेवा. घरच्या फडताळातही हाच नियम पाळा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. त्या अन्नाबरोबर त्यासाठी दिलेले पाणी, खत आणि शेतकऱ्याचे कष्टही गेले. दाणा पिकवायला किती दिवस लागतात, हे आपल्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक? म्हणून टाकण्यापूर्वी तारीख वाचा आणि खाण्यापूर्वी पदार्थ पाहा.