गटचर्चा, मुलाखत आणि आपली मुले



१९९६ साली इंदूरला भारतीय व्यवस्थापन संस्था आली, आणि या वाचनालयाच्या टेबलांवर कादंबऱ्यांशेजारी कॅट परीक्षेची जाडजूड पुस्तके दिसू लागली. लेखी परीक्षा पार करणारी आपली मुले पुढच्या पायरीवर अडखळतात, हे मी जवळून पाहिले आहे.

गटचर्चेला आठ-दहा उमेदवार बसतात. अवधी पंधरा-वीस मिनिटांचा. एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटे येतात, आणि आमची मुले ती पाठ केलेल्या आकडेवारीवर खर्ची घालतात. शेजाऱ्याचा मुद्दा याने ऐकला काय, तो पुढे नेला काय, हे परीक्षक पाहत असतो. २०१२ च्या सुमारास यांपैकी अनेक संस्थांनी गटचर्चेऐवजी लेखनचाचणी आणली (आरडाओरड तेवढी थांबली!), इतरत्र मात्र ती टिकून आहे.

मुलाखतीची गोष्ट निराळी. माझ्या एका विद्यार्थ्याने जागतिक व्यापारावर महिनाभर टिपणे काढली होती. त्याला विचारले गेले, “तुमच्याकडची महेश्वरी साडी कोण विणते? विकली कशी जाते?” तो निरुत्तर झाला. आईच्या कपाटात तीन महेश्वरी साड्या होत्या! महेश्वरच्या या विणकामाला अहिल्याबाईंनी आश्रय दिला, एवढेही त्याला सुचेना.

घरी परतल्यावर तो महेश्वरला गेला. दोन दिवस मागांपाशी बसून त्याने सूत, रेशीम आणि मजुरी यांचा हिशेब वहीत उतरवला. पुढील वर्षीही त्याची निवड झाली नाही. तिसऱ्या खेपेस झाली. जाताना ती वही तो माझ्यापाशी ठेवून गेला.