माँटेसरी बालवाडी कोणाची?

(खेड्यातील पालकांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हांस बोलावयाचे आहे ते तीन ते सहा वर्षांच्या लेकरांविषयी. एवढ्याशा पोराचे शिक्षण ते काय, असे पुष्कळांस वाटते. पण रोप वाफ्यातच बिघडले, तर पुढे कितीही खत घाला, पीक हाती लागत नाही, हे शेतकऱ्यास आम्ही सांगावयास नको. मग आपले हे रोप कोठे वाढते? आई खुरपणीला, बाप बांधकामावर, आजी डोळ्यांनी अधू, आणि पोर दिवसभर उकिरड्याच्या कडेला. ही आपल्या घरोघरची कथा आहे.

हल्ली तालुक्याच्या गावी 'माँटेसरी' अशी रंगीत पाटी जागोजाग दिसते. आपल्यापैकी कोणी उसाच्या बिलातून, कोणी कर्ज काढून तेथे फी भरतात. बाकीचे म्हणतात, "ते बड्या लोकांच्या पोरांचे, आपल्याला काय करायचे?" आमचे म्हणणे असे की, हे दोघेही फसले आहेत. पहिल्याने पाटी पाहून पैसे मोजले. दुसऱ्याने आपल्याच घरची वस्तू परक्याची समजून टाकून दिली.

आपल्याच घरची असे आम्ही का म्हणतो, ते ऐका. मारिया माँटेसरी ही इटली देशातील बाई. जन्म 1870 सालचा. बाईने डॉक्टर होणे हेच त्या काळी तेथे नवल. ती 1896 साली डॉक्टर झाली. मंदबुद्धी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात टाकून दिलेल्या मुलांकडे तिने प्रथम लक्ष घातले. पुढे 6 जानेवारी 1907 रोजी रोम शहरात तिने पहिले बालगृह उघडले. कोठे? सरदारांच्या वाड्यात नव्हे, तर सान लोरेंझो नावाच्या मजुरांच्या वस्तीत. तेथील चाळी एका कंपनीने दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे भिंती आणि जिने खराब करीत. त्यांना एका खोलीत गुंतवून ठेवावे म्हणजे भिंती वाचतील, एवढाच कंपनीचा हिशेब! भिंती वाचविण्यासाठी काढलेल्या त्या खोलीत मजुरांची सुमारे 50 पोरे आली. आणि त्या पोरांनीच जगाला शिक्षणाची नवी रीत दाखविली.

त्या खोलीतली एक गोष्ट माँटेसरीबाईंनी स्वतः सांगून ठेविली आहे. एके दिवशी त्यांनी मुलांना रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे शिंकरावे, हे सावकाश करून दाखविले. मुले टक लावून पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्या वाजविल्या! बाईंस उलगडा झाला. या मुलांना नाकावरून आजवर सर्वांनी हिणविले होते. नाक साफ कसे करावे, हे मात्र हिणविल्यावाचून कोणी शिकविले नव्हते. मंडळी, आपल्या पोराला 'शेंबडा' म्हणणारे शंभर भेटतील. शिंकरावयास शिकविणारा एक तरी भेटतो का? संगोपन आणि शिक्षण ही दोन वेगळी खाती नाहीत. हात धुणे, गुंडी लावणे, न सांडता पाणी ओतणे, आपली जागा आपण झाडणे हाच त्या शाळेतला पहिला धडा. पोराला अब्रूने वागविले म्हणजे ते शिकू लागते, हे त्या शाळेचे मूळ.

आता तेथील साधनांविषयी. लाकडाच्या एका लांबट ठोकळ्यात दहा भोके आणि त्यांत बसणारे दहा गट्टू असतात. प्रत्येक गट्टू आपल्याच भोकात नेमका बसतो. चुकीच्या जागी घातला की तो बसत नाही किंवा खुळखुळतो. मूल पुन्हा हात घालते. चूक लाकूडच सांगते. मास्तरांच्या छडीची गरज नाही. आणि गट्टूची बारीक मूठ तीन बोटांत धरता धरता पुढे लेखणी धरण्याची तयारी आपोआप होते. खरखरीत कागदाची अक्षरे बोटाने गिरविताना अक्षराची वळणे हातात उतरतात. म्हणूनच त्या मजुरांची चार-पाच वर्षांची मुले घोकंपट्टीवाचून लिहू लागली. सुताराने, कुंभाराने, लोहाराने यात नवल मानण्याचे कारण नाही. तुमची विद्या हातातूनच डोक्यात जाते. ज्या पढिक लोकांनी हाताने काम करणाऱ्यास हलके लेखले, त्यांना या बाईंनी दाखवून दिले की, हात हेच बुद्धीचे पहिले हत्यार आहे.

मग पाटीवरचे नाव पाहून भुलू नये ते का? कारण 'माँटेसरी' हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. बाईंनी 1929 साली आपल्या पद्धतीसाठी आंतरराष्ट्रीय संस्था काढली; पण तिला न विचारताही कोणी रंगारी बोलावून पाटी लावू शकतो. तेव्हा बैल घेताना दात पाहता, तशी शाळाही पारखून घ्या. एक तास कोपऱ्यात बसा. फळ्या आणि बैठका मुलाच्या उंचीच्या आहेत की साधने कपाटात कुलूपबंद आहेत? मूल आपण होऊन काम निवडते आणि मन भरेपर्यंत करते, की दर थोड्या वेळाने घंटा वाजते? तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसून धाकटे थोरल्याचे पाहून शिकते का? बाई सावकाश करून दाखविते की नुसती ओरडते? रडणाऱ्या मुलाजवळ ती कशी बसते? पिण्याचे पाणी आणि संडास स्वच्छ आहे का? आणि तीन वर्षांच्या पोराला बाकावर दाबून पानेच्या पाने अक्षरे लिहावयास लावीत असतील, तर पाटी सोन्याची असली तरी तेथून पोराला उचला.

कोणी म्हणेल, इतके सगळे गरिबाला कोठून परवडणार? त्याचे उत्तर आपल्याच मुलखात मिळालेले आहे. 1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी पाहिले की, हे शिक्षण शहरातील सुखवस्तू घरांतच अडकले आहे. 1945 साली त्या तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस आल्या. महाग साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने आणि माती आली. अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी! 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले गुरे राखीत, म्हणून शाळा कुरणात गेली.

अंगणवाडी हेच नाव घेऊन सरकारची बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून देशात सुरू झाली. आहार, लसी, वजन, आरोग्यतपासणी यांबरोबर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षणही तिच्यात लिहिलेले आहे. पण आपण सेविकेला विचारतो काय? "आज खिचडी आली का?" एवढेच! पोर डबा घेऊन येते आणि डबा घेऊन परत जाते. पोट भरलेच पाहिजे. परंतु आपल्या पोरांना पोटच आहे, डोके नाही, असे आपणच ठरवून बसलो तर दुसऱ्यांस कोणत्या तोंडाने बोल लावावा? 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याखालच्या लेकरांसाठी राज्याने प्रयत्न करावा, इतकेच घटनेचे 45 वे कलम म्हणते. जेथे हक्क अपुरा तेथे पालकांनी जागे राहिले पाहिजे.

म्हणून आमची विनंती अशी. सेविकेवर रागावू नका. तिच्या माथी पोरांबरोबर वह्या आणि रकानेही मारलेले आहेत. तिला हात द्या. सुतारदादांनी उरलेल्या लाकडाचे गुळगुळीत ठोकळे आणि गट्टू करून द्यावेत. कुंभाराने मुलाच्या हातात मावतील असे लहान गडवे द्यावेत. शिंप्याने गुंड्या-काजांच्या पट्ट्या शिवाव्यात. बायांनी पाळीपाळीने एक तास तेथे बसावे. आणि ग्रामसभेत रस्ता आणि गटार यांच्याबरोबर अंगणवाडीची खोली, पाणी आणि साधने यांचा जाब प्रत्येक वेळी विचारावा.

रोमच्या मजुरांची पोरे कंपनीने भिंतींसाठी गोळा केली होती. आपली पोरे आपण त्यांच्या स्वतःसाठी गोळा करू या.